साताऱ्यातील नवोदितांचा ट्रायथलॉन वर्ग: १४ आठवड्यांचा अनुभव

साताऱ्यात धावणाऱ्यांची वाण नाही. पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात गेले, तर धावणारे भेटतात, कासकडे निघालेले सायकलस्वार भेटतात, आणि अजिंक्यताऱ्याच्या चढावर रोजचे ठरलेले चेहरे दिसतात. रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर याच जिल्ह्यातील माण तालुक्याच्या. पण पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती न घेता कशा करायच्या हे नवख्या माणसाला नीट समजावून सांगणारे कोणी मला बराच काळ सापडत नव्हते. मी ४४ वर्षांची आहे, महाविद्यालयात शिकवते आणि सहा वर्षांपासून धावते. गेल्या डिसेंबरात मी शहरातील एका लहान ट्रायथलॉन वर्गात प्रवेश घेतला आणि मार्चच्या मध्यावर तो पूर्ण केला. या परीक्षणात तक्रारीही असल्यामुळे वर्गाचे आणि प्रशिक्षकांचे नाव मी लिहीत नाही. तेथे काय शिकवले जाते, आणि अशा कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे, हे वाचकांना अधिक उपयोगाचे आहे.

पहिल्या दिवशी आम्हा १८ जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या डोक्यात 'आयर्नमॅन' हाच शब्द होता. २०१९ पासून गोव्यात आयर्नमॅनची ७०.३ मैलांची, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी शर्यत होऊ लागली आणि आपल्या भागातील अनेकांच्या मनात तीच घर करून बसली. प्रशिक्षकांनी ही समजूत शांतपणे बाजूला ठेवली आणि सर्वांना एकच लक्ष्य दिले: स्प्रिंट अंतर, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला जे अंतर खेळले गेले, ते याच्या बरोबर दुप्पट असते. काही जणांना हे कमीपणाचे वाटले. मला मात्र वर्गाचा हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण स्प्रिंटमध्ये चुका करायला आणि त्या सुधारायला जागा असते, तर लांब शर्यतीत पहिल्या तासात केलेली चूक पुढचे पाच-सहा तास भोगावी लागते.

शुल्क १२,००० रुपये होते आणि जलतरण तलावाची फी त्याहून वेगळी. मंगळवारी व गुरुवारी पोहणे, बुधवारी धावणे, शनिवारी सायकल आणि रविवारी दोन प्रकार एकत्र, असे वेळापत्रक होते. प्रवेशासाठी २०० मीटर सलग पोहता येणे आवश्यक होते, आणि चाळिशीपुढच्या सर्वांना ईसीजीसह डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणावे लागले. कोरेगावहून येणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना डॉक्टरांनी आधी रक्तदाब आटोक्यात आणायला सांगितले, तेव्हा सरांनी त्यांचे पैसे परत केले आणि पुढच्या तुकडीत जागा राखून ठेवली. या एका वागणुकीमुळे वर्गावर माझा विश्वास बसला.

नवख्या माणसाची खरी अडचण पोहण्यात असते, आणि वर्गाने सर्वाधिक वेळ तिलाच दिला. २५ मीटरच्या तलावात ३० फेऱ्या मारल्या म्हणजे ७५० मीटर होतात, हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी पाण्यात फसवा आहे. तलावात दर २५ मीटरला भिंत मिळते, तिला पाय लावून ढकलता येते, वळताना एक जादा श्वास मिळतो आणि तळाची काळी रेघ आपल्याला सरळ नेते. उघड्या पाण्यात यांपैकी काहीही नसते. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आम्हाला भिंतीला हात न लावता, दोन मीटर अलीकडूनच वळायला लावले जाई. त्याच सुमारास समोर पाहण्याचा सराव सुरू झाला. दर सहा ते आठ हातांनंतर फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, समोरची खूण टिपायची आणि लगेच मान वळवून बाजूने श्वास घ्यायचा. पूर्ण डोके वर काढले की कंबर खाली बसते आणि वेग जातो. खूण म्हणून पाण्यातील तरंगता फुगा न धरता त्याच्या मागचे उंच झाड किंवा टाकी धरावी, ही सरांची सूचना पुढे फार उपयोगी पडली, कारण पाण्याच्या पातळीवरून फुगा बहुतेक वेळा दिसतच नाही.

उघड्या पाण्याचा पहिला सराव एका मोठ्या शेततळ्यात झाला. शेततळ्याविषयी दोन शब्द विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ती गावोगावी झाली आहेत आणि पोहण्याच्या सरावासाठी ती सोयीची वाटतात. तळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि कडा उतरत्या असतात. त्या कागदावर शेवाळ धरले की ओल्या हातापायांनी वर चढणे अशक्य होते. उत्तम पोहणारा माणूसही काठापासून एका हातावर अडकून दमतो आणि बुडतो. आम्ही गेलो तेव्हा चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेले होते, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूब काठाला बांधून ठेवल्या होत्या, आणि पोहण्याआधी प्रत्येकाकडून दोराला धरून वर येण्याचा सराव तीन-तीनदा करून घेतला गेला. ज्या तळ्यावर अशी व्यवस्था नाही तेथे कोणीही, कितीही ओळखीच्या शेतकऱ्याचे असले तरी, उतरू नये. नदीविषयीही हेच सांगावेसे वाटते. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे. आमच्या तुकडीत वाळवा तालुक्यातून येणारा, साखर कारखान्यात काम करणारा एक तरुण होता. लहानपणी तो नदीवरच पोहायला शिकला होता, पण आता सरावासाठी तो नदीत उतरत नाही आणि शनिवारी मुक्कामाला साताऱ्यात येतो.

त्या पहिल्या सकाळी मी घाबरले. तीस-चाळीस हात मारून झाल्यावर खाली पाहिले, तर रेघ नाही, तळ नाही, फक्त हिरवट काळोख. श्वास आत जाईना. काठावरून सरांचा आवाज आला, "ताई, पाठीवर या. आभाळ बघा आणि आधी श्वास सोडा." मी उताणी झाले, ओठांनी फुंकर घालत श्वास सोडला, आणि पाच-सहा वेळा तसे केल्यावर छातीवरचा दाब उतरला. नंतर त्यांनी कारण समजावून सांगितले. पाण्यात श्वास घेता येत नाही असे वाटते तेव्हा बहुधा आधीचा श्वास पुरता सोडलेलाच नसतो. छाती भरलेली असताना आणखी हवा घेण्याची धडपड चालते आणि भीती वाढत जाते. म्हणून पाण्यात तोंड असताना सतत बुडबुडे सोडत राहायचे, शर्यतीआधी तोंडावर आणि मानेवर पाणी मारून घ्यायचे, सुरुवातीला घोळक्याच्या मागे किंवा कडेला उभे राहायचे आणि पहिले शंभर मीटर ठरवून सावकाश जायचे. पाठीवर येऊन थांबणे, किंवा मदतीच्या होडीला धरून दम घेणे हे नियमाला धरून असते. होडीला धरून पुढे मात्र सरकता येत नाही. हे एवढे कळले तरी नवख्या माणसाची निम्मी भीती जाते.

येथेच वर्गाविषयी माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. पुढचा सराव एका जलाशयाच्या कडेला, परवानगी घेऊन झाला. त्या दिवशी पाण्यात आम्ही १७ जण होतो आणि लक्ष ठेवायला एक होडी व एक सहायक. प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी तरंगता फुगा बांधलेला असूनही ही व्यवस्था अपुरी होती. मधल्या टप्प्यात मला चौफेर पाहिले तरी होडी दिसत नव्हती. आम्ही चौघींनी त्याच दिवशी हे स्पष्टपणे सांगितले, आणि पुढच्या दोन्ही वेळी तुकडी दोन भागांत विभागून, आणखी एक होडी घेऊन सराव झाला. तक्रार ऐकून घेतली गेली, हे मान्य करायला हवे. पण पाण्यातील सुरक्षितता प्रशिक्षणार्थींनी सांगितल्यावर सुचावी, हे मला पटत नाही. अशा वर्गात नाव घालताना होड्या किती, पाण्यात एका वेळी माणसे किती आणि बाहेर काढलेल्या माणसाला प्रथमोपचार कोण देणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

सायकलीच्या बाबतीत माझी सुरुवातच चुकीची झाली होती. वर्ग सुरू होण्याआधी मी एका दुकानातून रोड बाइक घेतली. दुकानदारांनी माझी उंची विचारली नाही, पाय मोजला नाही आणि शिल्लक असलेली मोठ्या मापाच्या सांगाड्याची सायकल दिली. दोन आठवड्यांत मनगटे आणि मान दुखू लागली. सरांनी सीटची उंची बदलून दिली. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेले असता पाय जेमतेम सरळ व्हावा, म्हणजे पंजा ठेवल्यावर गुडघ्याला योग्य तेवढा बाक राहतो. हँडलचा दांडा आखूड बसवला, आणि तरीही, मापाची दुसरी सायकल घेणेच बरे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मैत्रिणीची साधी हायब्रिड सायकल मला मापात बसत होती, तिच्यावरच मी पुढचा सर्व सराव केला. पहिल्या स्प्रिंटसाठी महागडी सायकल, क्लिपचे बूट किंवा पुढे झुकण्याच्या दांड्या यांपैकी कशाचीही गरज नाही. गरज असते ती डोक्याला नीट बसणाऱ्या हेल्मेटची, चालू ब्रेकची आणि स्वतः पंक्चर काढता येण्याची.

पंक्चरचा धडा तर या वर्गाचे भूषण म्हणावा असा आहे. एका रविवारी मैदानावर प्रत्येकाला मागचे चाक काढून ट्यूब बदलायला लावले, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा. चेन आधी सर्वांत लहान चाकीवर आणायची म्हणजे मागचे चाक सहज निघते. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवायचे, कारण आत राहिलेला बाभळीचा काटा नव्या ट्यूबलाही पाच मिनिटांत भोसकतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच ती बसवायची, म्हणजे ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जात नाही. माझ्या टायरमध्ये बोटाला अगदी असाच काटा लागला, तांदळाच्या दाण्याएवढा, बाहेरून न दिसणारा. पहिल्यांदा मला २२ मिनिटे लागली, तिसऱ्यांदा नऊ. शर्यतीत बाहेरच्या कोणाची मदत घेतली तर बाद केले जाण्याची शक्यता असते, त्यामुळे ही नऊ मिनिटे स्वतःच्या हातात असणे फार मोलाचे आहे.

रस्त्यावरच्या सरावाचा हंगाम मात्र विचार करायला लावणारा आहे. डिसेंबर ते मार्च हा उसाच्या गाळपाचा काळ. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसताना चालत असतात, रस्त्यावर कांड्या सांडलेल्या असतात, आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेले ऊस सायकलस्वाराच्या बरोबर डोक्याच्या उंचीला असतात. सरांनी हे ओळखून शनिवारचा सराव उजाडल्यानंतरच ठेवला, कारखान्यांकडे जाणारे रस्ते टाळले आणि मेढ्याकडच्या रस्त्यावर जायला सांगितले. ट्रॉलीच्या मागे चिकटून वारा वाचवण्याचा मोह जीवघेणा आहे, हे त्यांनी एकदा कडक शब्दांत सांगितल्यावर पुन्हा कोणी तसे केले नाही. तसेही, आपल्यासारख्या हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत पुढच्याच्या मागे लपून चालवण्यास मनाई असते. आयर्नमॅनच्या शर्यतींत ही दूरी १२ मीटरची ठेवावी लागते. म्हणून एकट्याने, वारा अंगावर घेत, एकसारख्या लयीत पॅडल मारण्याची सवय सरावातच लावून घ्यावी.

ज्या गोष्टीसाठी मी या वर्गाची शिफारस करेन, ती म्हणजे तीन खेळांमधल्या सांध्यांचे प्रशिक्षण. पोहणे, सायकल आणि धावणे वेगवेगळे शिकवणारे पुष्कळ आहेत. पाण्यातून बाहेर आल्यापासून सायकलवर बसेपर्यंत आणि सायकल टांगल्यापासून धावू लागेपर्यंत काय करायचे, हे शिकवणारे विरळा. या भागाला ट्रान्झिशन म्हणतात आणि त्याचा वेळ शर्यतीच्या एकूण वेळेत धरला जातो. मैदानावर दोऱ्या बांधून सायकली टांगण्याचे कठडे केले होते, चुन्याने रेघा आखल्या होत्या. प्रत्येकाने आपापला पंचा अंथरायचा, त्यावर बूट तोंड उघडे करून ठेवायचे, मोज्यांवर पावडर शिंपडायची, हेल्मेट पट्टे मोकळे सोडून हँडलवर उलटे ठेवायचे आणि चष्मा त्याच्या आत. मग ओल्या अंगाने धावत यायचे, आणि पहिली गोष्ट हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा 'टक्' असा वाजवून लावायचा. तो वाजल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. चुन्याच्या रेघेपलीकडे गेल्याशिवाय बसायचे नाही आणि परतताना दुसऱ्या रेघेआधी उतरायचे. माझे पहिल्या दिवशी सहा मिनिटे चाळीस सेकंद गेले, कारण ओल्या पायांत मोजे चढेनात आणि थरथरत्या बोटांनी नाड्या बांधता येईनात. मोज्यांची तोंडे आधी गुंडाळून ठेवली आणि बुटांना लवचीक नाड्या घातल्या, तेव्हा हा वेळ तीन मिनिटांच्या आसपास आला. इतका वेळ वाचवायला पोहण्यात मला कित्येक महिने लागले असते.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. पाय दगडाचे झाल्यासारखे वाटतात आणि आपण चाललो आहोत की धावत आहोत हे कळेनासे होते. दर रविवारी एक तास सायकल आणि लगेच १५ मिनिटे धावणे, एवढे केल्यावर सहाव्या रविवारपासून ते जडपण दहा मिनिटांऐवजी चार मिनिटांत जाऊ लागले. सायकलीच्या शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर घालून पाय भराभर फिरवावेत, पहिले किलोमीटर पावले आखूड ठेवावीत. धावण्याच्या स्वतंत्र प्रशिक्षणात मात्र नवे काही नव्हते. जे आधीपासून धावतात त्यांना बुधवार चुकवला तरी चालेल.

आहाराच्या तासाने निराशा केली. बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्याने पहिली वीस मिनिटे उपयुक्त माहिती दिली आणि नंतरचा तासभर स्वतःकडच्या पावडरींच्या डब्यांची जाहिरात केली. शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांसमोर हे होऊ द्यायला नको होते. पुढच्या रविवारी सरांनी घरचे पर्याय मांडून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. दीड-दोन तासांच्या श्रमात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका मध्यम केळ्यातून त्यांतली साधारण २५ ग्रॅम मिळतात, खजूर आणि राजगिऱ्याची वडीही चालते. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. बाटली लहान आहे म्हणून अर्ध्या लिटरमध्ये मिसळले तर पोट बिघडते. नुसते पाणी भसाभसा पिणेही धोक्याचे आहे, कारण रक्तातील क्षार पातळ होतात. शर्यतीच्या सकाळी दूध, तूप, तळलेले काही नको, आणि सरावात न खाल्लेला कोणताही पदार्थ त्या दिवशी तोंडात घालायचा नाही.

मार्चअखेरीस मी पहिली स्प्रिंट शर्यत एक तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. पोहताना एकदा पाठीवर आले, आभाळ पाहिले, पुन्हा वळले. सायकलींच्या कठड्यापाशी माझ्या शेजारच्या स्पर्धकाला पंचांनी थांबवले, कारण त्याने हेल्मेटचा पट्टा न लावताच सायकल उचलली होती. माझा पट्टा तोवर लावून झाला होता. हात आपोआप तिकडे गेला होता.

एकूण मत सांगायचे, तर १२,००० रुपये वाजवी आहेत, पण काही सुधारणा झाल्याच पाहिजेत. सूचना मोबाइलवरच्या निरोपांत विखुरलेल्या असतात. १४ आठवड्यांचा छापील तक्ता पहिल्या दिवशी हातात मिळायला हवा. शेततळ्यावर आणि जलाशयावर महिलांना कपडे बदलण्यासाठी आडोसा नव्हता. आम्ही गाडीला चादरी बांधून सोय केली, ती आयोजकांनी करायला हवी. पाण्यातील संख्या नऊपर्यंत मर्यादित ठेवण्याचे तोंडी आश्वासन मिळाले आहे, ते लेखी असावे. ज्यांना थेट गोव्याच्या शर्यतीची घाई आहे, त्यांनी येथे येऊ नये. ज्यांना धावता येते, सायकल जमते आणि पाण्याची धास्ती वाटते, त्यांनी जरूर यावे.

पुढच्या तुकडीसाठी मी माझ्या धाकट्या जावेचे नाव देणार आहे. तिला सध्या ७५ मीटरच सलग पोहता येते, त्यामुळे २०० मीटरची अट पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला तलावावर जातो, आणि मी तिला भिंतीला हात लावू देत नाही.